घुग्घुसची धूळ आणि संशोधनाचें वाङ्मय

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाच्या पृष्ठांवर धुळीची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न हा मथळा वाचतांच कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. आणि तो अगदींच गैरवाजवी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. काव्य, नाटक, कादंबरी यांचें परीक्षण करणें हें आमचें नित्याचें काम. परंतु गद्याची एक जात अशी आहे कीं, तिची पैदास दिवसेंदिवस वाढत असूनहि टीकाकारांनीं तिच्याकडे क्वचितच वळून पाहिलें आहे. ती जात म्हणजे शोधनिबंधाची. विद्यापीठांतून, परिषदांतून व नियतकालिकांतून हें गद्य अखंड बाहेर पडत असतें. त्याच्या आधारानें शासन नियम करतें, न्यायालयें निर्णय देतात, आणि गांवेंच्या गांवें राहण्यास योग्य किंवा अयोग्य ठरतात. ज्या गद्याच्या अंगीं एवढें सामर्थ्य आहे त्याची भाषा कोणती, त्याचा बोलविता कोण, आणि तें कोणास उद्देशून बोलतें, हे प्रश्न वाङ्मयाच्या टीकाकारानें विचारूं नयेत तर कोणीं विचारावेत ?

गेल्या कांहीं वर्षांत या गद्यांत एका त्रयीचा बोलबाला फार झाला आहे. शाश्वतता, डिजिटल तंत्रज्ञान आणि समाज हीं त्या त्रयीचीं नांवें. हवेंतील धूळ मोजणारीं यंत्रें, आकाशांतून जमीन न्याहाळणारे उपग्रह, आणि त्यांनीं जमविलेल्या आंकड्यांचें मंथन करणारे संगणक यांच्या साहाय्यानें समाजाचें जीवित टिकाऊ कसें करावें, हा या निबंधांचा सामान्य विषय. विषय थोर आहे यांत शंका नाहीं. पण थोर विषयाची परीक्षा थोर शब्दांवरून न करितां एखाद्या लहान ठिकाणावरून करावी, हा जुना व चांगला नियम आहे. त्यासाठीं आम्हीं घुग्घुस निवडलें आहे.

घुग्घुस हें चंद्रपुराच्या पश्चिमेस वर्धा नदीच्या कांठचें गांव. नदी ओलांडली कीं यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुका लागतो. जमिनीखालीं कोळसा, जमिनीवर सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा कारखाना, रेल्वेची शाखा आणि दिवसरात्र धांवणाऱ्या मालमोटारी, एवढें सांगितलें म्हणजे गांवाचें बाह्य वर्णन बहुतेक झालें. आम्ही तेथें गेलों तेव्हां उन्हाळ्याचे दिवस होते. वाळवणें घालण्याचाच तो हंगाम. पण एका घरीं कुरडया माजघरांत, पंख्याखालीं, जुन्या लुगड्यावर वाळत पडलेल्या दिसल्या. बाहेर एवढें ऊन पडलें असतां हें काय, असें विचारितांच घरची बाई म्हणाली, "आंगनात टाकल्या त काया पडते जी." काया म्हणजे काळ्या. धुळीविषयीं आम्हीं वाचलेल्या अनेक निबंधांपेक्षां हें एक वाक्य आम्हांस अधिक नेमकें वाटलें. त्यांत ठिकाण आहे, ऋतु आहे, आणि मापनहि आहे. कारण पांढरी कुरडई हेंच त्या बाईचें यंत्र. त्या यंत्राची नोंद कोठें होत नाहीं, एवढीच काय ती त्याची उणीव.

संशोधकांना घुग्घुसचा परिसर नवा नाहीं. जुन्या चांदा जिल्ह्यांत कोळशाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नेटानें सुरू झाला. वरोऱ्याची खाण १८७१ मध्यें चालू झाली आणि १९०६ मध्यें बंद पडली. भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे टी. डब्ल्यू. एच्. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यांतील कोळशावरील ग्रंथ १८७७ मध्यें प्रसिद्ध झाला. जमिनीस कोठें भोंक पाडलें, किती खोलीवर थर लागला, त्याची जाडी किती भरली, हें सांगणें हेंच अशा ग्रंथांचें काम. आणि तें त्या काळच्या विद्वानांनीं मोठ्या चिकाटीनें केलें. मात्र अशा गद्यांत गांवाचें नांव येतें तें भोंकाचा पत्ता म्हणून. तें गद्य इंग्रजींत होतें, सरकारसाठीं होतें, आणि काय काढून नेतां येईल या एकाच प्रश्नाचें तें उत्तर होतें. त्याबद्दल त्या ग्रंथकारांस आम्ही दोष देत नाहीं. आपण कोणासाठीं लिहितों हें त्यांनीं लपविलें नव्हतें.

त्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं घुग्घुसचें नांव पुन्हां एका मोठ्या कोष्टकांत आलें. २००९ मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण-निर्देशांक ठरविला. हवा, पाणी व जमीन यांची अवस्था पाहून शंभरांपैकीं गुण द्यावयाचे, आणि सत्तर किंवा त्यांहून अधिक गुण मिळतील तें क्षेत्र अतिप्रदूषित समजावयाचें, अशी ती रीत. चंद्रपुरास ८३.८८ गुण मिळाले, व अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यामागोमाग देशांत चौथा क्रमांक लागला. या 'चंद्रपूर' शब्दाच्या पोटांत ताडाळी, घुग्घुस व बल्लारपूर हीं ठिकाणें अंतर्भूत होतीं. पहिल्या वेळीं कोळशाची जाडी मोजली, दुसऱ्या वेळीं कोळशानें मागें ठेवलेली घाण मोजली. मधल्या काळांत तेथें जन्मलेल्या व मेलेल्या माणसांचें काय झालें, याची मोजणी दोन्ही खेपांच्या मध्यें कोठें तरी हरवली.

या निर्देशांकाची निंदा करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. त्याचा उपयोग झाला. १३ जानेवारी २०१० रोजीं केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयानें सत्तरीच्या वरच्या ४३ क्षेत्रांत नव्या व वाढीव उद्योगांच्या परवानग्या कांहीं काळ थांबविल्या, त्या याच आंकड्यांच्या बळावर. नुसत्या तक्रारीनें जें झालें नसतें तें एका दशांश अपूर्णांकानें झालें. पण पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. मूळच्या रीतींत बाधा पोंचूं शकेल अशी लोकसंख्या किती आणि लोकांवर दुष्परिणाम झाल्याचा पुरावा काय, यांसहि गुण होते. हें सारें अंदाजाचें काम आहे अशी ओरड झाली, आणि २०१६ मध्यें रीत बदलली. व्यक्तिनिष्ठ वाटणारीं अंगें वगळावीं व नेमकेपणानें मोजतां येईल तेवढेंच ठेवावें, असें ठरलें. आरोग्याचें अंग रुग्णालयांच्या नोंदींवर टेकलें. विज्ञानाच्या दृष्टीनें ही सुधारणाच म्हणावी लागेल. तथापि तिचा अर्थ काय झाला ? जो खोकत खोकत रुग्णालयापर्यंत पोंचला तो मोजला जाईल. जो घरींच गवती चहाचा काढा घेऊन पडून राहिला तो नाहीं. मोजतां येत नाहीं तें नाहींच, असें हें गद्य उघडपणें कोठें म्हणत नाहीं. परंतु त्याची वाक्यरचना मात्र तसें म्हणते.

सरासरीचीहि हीच कथा. आपल्या राष्ट्रीय हवा-निरीक्षण कार्यक्रमांत माणसांकरवीं चालणाऱ्या केंद्रावर आठवड्यांतून दोनदां, म्हणजे वर्षाकांठीं १०४ दिवस, नमुने घेण्याचा शिरस्ता आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांच्या यादींत घुग्घुस ग्रामपंचायतीचें नांव अनेक वर्षें आढळतें. वर्षाचे उरलेले २६१ दिवस घुग्घुसचे लोक श्वास घेतातच. फक्त त्या श्वासांची नोंद नसते. शिवाय नमुना असतो चोवीस तासांचा. दहा मायक्रोमीटर व त्याहून बारीक धुळीसाठीं आपल्याकडे २००९ पासून चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागें १०० मायक्रोग्रॅम व वर्षाची ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें वर्षासाठीं १५ हा आंकडा सुचविला. कोळशानें भरलेली मालमोटार शाळेजवळून जातांना पांच मिनिटें जो काळोख उठतो तो या चोवीस तासांत विरघळून जातो, आणि कागदावर एक शांत, मध्यम प्रतीचा दिवस उरतो. मुलाच्या फुप्फुसास मात्र सरासरी ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, हीं जुनीं यंत्रें झालीं. आतां डिजिटल यंत्रें क्षणोक्षणीं मोजतात. खरें आहे. केंद्रीय मंडळानें २०१४ मध्यें सिमेंट, लोखंड, औष्णिक वीज इत्यादि सतरा प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर अखंड मापन करणारीं यंत्रें बसविण्याची आज्ञा केली, आणि त्यांचे आंकडे तत्क्षणीं मंडळाकडे जावेत अशी योजना केली. परंतु यंत्र बसवावयाचें धूर सोडणाऱ्यानें, त्याची निगा राखावयाची त्यानेंच, आणि आंकडा पाठवावयाचाहि त्यानेंच. सराफाच्या तराजूनें सराफाचेंच सोनें तोलावयाचें, आणि गिऱ्हाइकानें दारांत उभें राहून ऐकावयाचें, असा हा व्यवहार. शहरांतल्या अखंड केंद्रांवरील हवेची प्रत लोकांस कळावी म्हणून मंडळानें एक मोबाईल-साधन काढलें आहे. त्याचें नांव 'समीर'. नांव ठेवणाऱ्याची रसिकता वाखाणण्यासारखी आहे. पण हिरव्यापासून गडद तांबड्यापर्यंतचे सहा रंग दाखवून झाल्यावर, तांबडा रंग आला तर घुग्घुसच्या माणसानें करावें काय, हें तो समीर सांगूं शकत नाहीं. बाहेर जाऊं नका म्हणावें तर पोट बाहेरच आहे.

आतां या गद्याच्या शैलीकडे वळूं. वाचकांनीं या विषयावरचा कोणताहि एक निबंध उघडावा. 'नमुने गोळा करण्यांत आले', 'प्रतिसादकांची निवड करण्यांत आली', 'असें आढळून आलें', या धर्तीचीं वाक्यें ओळीनें भेटतील. क्रियापदें आहेत, कर्ता नाहीं. नमुने कोणीं गोळा केले, कोणाच्या ओट्यावर बसून, आणि चहा कोणी पाजला, हें कोठेंहि नाहीं. ज्या घरीं आम्हीं कुरडया पाहिल्या तेथेंच आम्हांस असेंहि कळलें कीं, प्रश्नावली भरून घेण्यासाठीं निरनिराळ्या ठिकाणचे विद्यार्थी तीनदां येऊन गेले. शेवटच्यांच्या हातीं तर पाटीसारखें यंत्र होतें, आणि उत्तर बोलतांच तें त्यांत उमटत होतें. चूल कोणती, घरांत माणसें किती, दमा कोणाला आहे, हे प्रश्न तिन्ही वेळीं तेच. बाईनें उत्तरेंहि तींच दिलीं. "पुढें काय झालें ?" असें आम्हीं विचारलें तेव्हां ती हंसली. तिला पुढें कांहीं होतें ही कल्पनाच नवी होती. निबंध लिहिला गेला असेल, पदवी मिळाली असेल, परिषदेंत चित्रें दाखविलीं गेलीं असतील. ज्या ओट्यावरून तें ज्ञान उचललें त्या ओट्यावर तें परत आलें नाहीं. कोळसा नेतांना निदान कांहीं रॉयल्टी तरी भरावी लागते. उत्तरें नेण्यास तीहि लागत नाहीं.

या वाङ्मयांतील 'शाश्वत' हा शब्दहि थोडा तपासून घेतला पाहिजे. १९८७ मध्यें ग्रो हार्लेम ब्रुंटलॅंड यांच्या आयोगानें आपल्या अहवालांत जी कल्पना मांडली तिचें सार असें कीं, आजच्या पिढीनें आपली गरज भागवितांना पुढच्या पिढीचा घास हिरावून घेऊं नये. कल्पना साधी आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्यास कोणीं शिकवावी लागली नव्हती. बियाणें राखून ठेवणें, वर्षाची बेगमी करणें, पुरवून खाणें, हे त्याचे शब्द. पण भाषांतरकारांनीं या घरगुती शब्दांकडे पाठ फिरवून 'शाश्वत' हा शब्द उचलला. आपल्या परंपरेंत शाश्वत म्हणजे जें कधीं नाश पावत नाहीं तें. तो शब्द आत्म्यास लावीत, खाणीस नव्हे. कोळसा तर एकदां जाळला कीं संपला. तेव्हां 'शाश्वत खाणकाम' असा प्रयोग वाचतांना मराठी वाचकाच्या मनांत जी अढी पडते ती अज्ञानाची नसून भाषाज्ञानाची आहे. 'पुरवून वापरणें' हा शब्दप्रयोग ठेवला असता तर लगेच प्रश्न आला असता : कोणास पुरवून ? किती दिवस ? 'शाश्वत' म्हटल्यानें तो प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाहीं. शब्द मोठा झाला कीं हिशेब लहान होतो, याचा हा मासला आहे.

'डिजिटल' या दुसऱ्या शब्दाविषयीं तर आणखी एक भ्रम आहे. डिजिटल म्हणजे कागद नाहीं, धूर नाहीं, वजन नाहीं, असें कांहीं तरी हवेंतलें, अशी त्याची प्रतिमा झाली आहे. आंकडे जेथें सांठवितात त्या व्यवस्थेस तर 'मेघ' असेंच नांव पडलें आहे. पण हा मेघ पाण्याच्या वाफेचा नाहीं. तो मोठमोठ्या इमारतींतून अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांचा आहे. तीं यंत्रें विजेवर चालतात, आणि आपल्या देशांतील विजेपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश वीज आजहि कोळशापासूनच होते. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ति २,९२० मेगावॅट आहे. म्हणजे पुण्यामुंबईस बसून घुग्घुसच्या धुळीचा नकाशा संगणकावर रंगविणारा अभ्यासक ज्या दिव्याखालीं बसलेला असतो, त्या दिव्याच्या तेलांत याच खोऱ्यांतल्या कोळशाचा वांटा असण्याचा बराच संभव आहे. निबंधाच्या शेवटीं आभाराचीं नांवें देण्याची चाल आहे. तींत या कोळशाचें नांव आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल कीं, यंत्रांविषयींच आमचा राग आहे. तसें मुळींच नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें घुग्घुसच्या अमराई वॉर्डांत एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. माणसें वेळीच बाहेर पडलीं म्हणून वांचलीं. खड्डा सत्तर फुटांच्या आसपास खोल असल्याचें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें. खालीं जुनी भुयारी खाण होती, असें कारण सांगण्यांत येऊन आसपासचीं कुटुंबें हलविलीं गेलीं. आतां जमीन हळूहळू खचत असेल तर ती कांहीं मिलिमीटरांनीं खचल्याचेंहि ज्ञान रडार-उपग्रह देऊं शकतात. युरोपचा असा एक उपग्रह २०१४ पासून पृथ्वीभोंवतीं फिरत आहे. ३० जुलै २०२५ रोजीं भारत व अमेरिका यांनीं मिळून सोडलेला 'निसार' दर बारा दिवसांनीं तीच जमीन पुन्हां पाहतो. एकदम कोसळणारा प्रत्येक खड्डा त्यांस आधीं दिसेलच असें नाहीं. पण पोकळ जमिनीवर झोंपणाऱ्यांस अशा ज्ञानाची किंमत आम्हीं सांगावयास नको. तेव्हां आकाशांतून पाहणें म्हणजे उंटावरून शेळ्या हांकणें असें आम्ही सरसकट म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, उपग्रहास दिसलेला मिलिमीटर अमराईंतल्या ओसरीवर, मराठींत, घर सोडण्याइतका वेळ हातीं ठेवून पोंचतो कीं नाहीं, यावर त्या संशोधनाची किंमत ठरावी. तें कोणत्या नियतकालिकांत छापलें यावर नव्हे.

असें संशोधन शक्य तरी आहे काय ? त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. घुग्घुसच्या लोखंडाच्या कारखान्यास गडचिरोली जिल्ह्यांतल्या एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरावरून खनिज येतें. त्याच वाटेनें उलट गडचिरोलीकडे गेलें व धानोऱ्याच्या रस्त्यास लागलें, म्हणजे या प्रश्नाचें उत्तर भेटतें. या जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास येऊन राहिले. लहान मुलें न्यूमोनियानें मरत होतीं. मिनिटास श्वास किती, यावरून तो रोग ओळखतां येतो; दोन महिन्यांखालील मुलास साठ, मोठ्यास पन्नास ही मर्यादा. पण गांवच्या दाईंना तेवढें मोजतां येत नव्हतें. दुसरा एखादा संशोधक 'स्थानिक मनुष्यबळ अशिक्षित' असें एक वाक्य लिहून मोकळा झाला असता. यांनीं मण्यांची एक पाटी व एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ केलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया. दाई मोजूं लागल्या, औषध देऊं लागल्या, आणि मुलें वांचूं लागलीं. १९९० मध्यें त्याचा वृत्तान्त 'लॅन्सेट'मध्यें आला. पुढें नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गांवांत झाला. इतर ४७ गांवांशीं तुलना करितां तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं उतरलें, हें त्याच नियतकालिकानें १९९९ मध्यें छापलें.

'डिजिटल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ बोट असा आहे. त्या अर्थानें पाहिलें तर दाईच्या बोटाखालीं सरकणारा तांबडा मणी हेंच आम्हांस या मुलखांतलें पहिलें खरें डिजिटल यंत्र वाटतें. त्याचें मोठेपण त्याच्या स्वस्ताईंत नाहीं. ज्याचा श्वास मोजावयाचा त्याच्या उशाशीं बसलेल्या बाईच्या हातीं तें होतें, आंकडा तिच्या डोळ्यांसमोर उमटत होता, आणि त्याचा अर्थ कळतांच पुढचें पाऊल तिला स्वतः टाकतां येत होतें, यांत त्याचें मोठेपण आहे. मोजणारा, जाणणारा व करणारा या तिघांची तेथें एकच व्यक्ति झाली होती. घुग्घुसच्या धुळीच्या संशोधनांत हे तिघे तीन गांवचे आहेत, आणि त्यांची एकमेकांशीं ओळखहि नाहीं.

धानोरा तालुक्यांतच मेंढा (लेखा) हें गोंडांचें गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्या गांवास २००९ मध्यें मिळाला, व २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि आला. हें सारें ऐकून माहीत असतें. पण त्यामागें वर्षानुवर्षें चाललेले अभ्यासगट होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी आणि २०२५ मध्यें दिवंगत झालेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र एकत्र बसून जंगल, कायदा, दारू, मध अशा एकेका विषयाचा विचार करीत. पोळ्याचा नाश न करितां मध काढण्याची रीत अशाच अभ्यासांतून बसली. तेथें प्रश्न गांवाचा होता, बाहेरचा पंडित त्या प्रश्नाला येऊन मिळत असे. आमच्याकडील बहुतेक निबंधांत प्रश्न पंडिताचा असतो आणि गांव त्यास येऊन मिळतें, तेंहि केवळ 'प्रतिसादक' या नांवानें.

यावर एक वजनदार आक्षेप येईल, व तो आम्हीं आपण होऊनच मांडतों. न्यूमोनियाला गोळी आहे; धुराड्याला गोळी नाहीं. दाईनें मणी सरकवून मूल वांचविलें, पण घुग्घुसच्या बाईनें काळ्या कुरडया मोजल्या म्हणून कारखाना थांबेल काय ? जंगल मेंढ्याच्या हातीं आलें. खाण कोणाच्या हातीं येणार? शिवाय त्या धुळीवरच गांवांतल्या कित्येक घरांची चूल पेटते. या आक्षेपांत सत्य आहे, आणि त्याला आमच्याजवळ सोपें उत्तर नाहीं. परंतु एवढें मात्र निश्चित कीं, ज्याच्या हातीं उपाय नाहीं त्याच्या हातून मोजमापहि काढून घेतलें तर त्याच्यापाशीं उरतें काय ? ज्याचें जळतें त्याला कळतें, अशी म्हण आहे. पण नुसतें कळून भागत नाहीं, तें मांडतां आलें पाहिजे. आज घुग्घुसच्या बाईचें कळणें आंकड्यांत नाहीं म्हणून सभेंत ऐकूं येत नाहीं. आणि विद्वानांचा आंकडा तिच्या भाषेंत नाहीं म्हणून तिला बोलण्याच्या कामीं येत नाहीं. या दोहोंची गांठ घालून देणें हें संशोधकास अशक्य नाहीं. पर्यावरण-परवानगीच्या जनसुनावणीस जातांना गांवकऱ्याच्या खिशांत स्वतःच्या गल्लीचे, स्वतः समजून घेतलेले वर्षाचे आंकडे असले, तर कारखाना थांबणार नाहीं कदाचित्. पण त्या सुनावणींत गांवकरी प्रेक्षक राहणार नाहीं.

म्हणून या वाङ्मयाच्या परीक्षणासाठीं आम्ही तीन साध्या कसोट्या सुचवितों. निबंधाचा प्रश्न ज्यांच्याविषयीं आहे त्यांना विचारून ठरविला काय ? त्याचें सार त्यांच्या भाषेंत, त्यांच्या गांवीं, छापून किंवा वाचून दाखवून परत केलें काय ? आणि तो वाचल्यावर ऐकणाऱ्यास काल येत नव्हती अशी एक तरी गोष्ट आज करतां येते काय ? यांपैकीं दुसरी कसोटी तरी मराठीस नवी नाहीं. वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें जमवीत, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापून काढूं लागले तेव्हां तीं मराठींत, महाराष्ट्राच्या हातीं देऊं लागले. इंग्रजींत लिहिलें असतें तर कीर्ति अधिक मिळाली असती हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. ज्यांच्या पेटाऱ्यांतून कागद घेतला त्यांच्याच पोरांनीं तो वाचावा, एवढा साधा न्याय त्यांनीं पाळला. कागदांस जो न्याय लावला तो श्वासांस लावावयास काय हरकत आहे ?

घुग्घुसहून निघतांना त्या घरच्या बाईनें आम्हांस वर्तमानपत्रांत बांधून थोड्या कुरडया दिल्या. घरीं आल्यावर तळल्या. पांढऱ्या शुभ्र फुलल्या. पंख्याखालीं वाळविलेल्या कुरडयांवर धूळ दिसत नाहीं. आंकड्यांचेंहि तसेंच आहे. तेथली धूळ पाहावयाची असेल तर अंगणांत जावें लागतें.